रणगाड्यांच्या गावातले कैदी

धुळाक्षरं | रविवार, सकाळी १०:४२

मागच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक पोस्टकार्ड मिळालं. विकणाऱ्यानं दोनशे सांगितले, दीडशेला सुटलं. "तिकीट कुणीतरी काढून घेतलंय साहेब, म्हणून स्वस्तात देतोय," हेही ऐकवलं. तिकीट कुणी काढलेलं नव्हतं, युद्धकैद्यांच्या टपालाला ते लागतच नसे. मी गप्प बसून पैसे दिले.

कार्डावर छापील इंग्रजीत 'प्रिझनर ऑफ वॉर', त्याच्या खाली सेन्सॉरचा जांभळा शिक्का. शिक्क्यात अहमदनगर, साल १९१६. मजकूर जर्मन असावा, पण एक अक्षर लागत नाही.

मी नगरचा. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, जीभ अजून वळलेली नाही.) चौथीत आम्हाला सहलीला किल्ल्यात नेलं, एका खोलीसमोर रांगेत उभं केलं. "इथे पंडितजींनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं" असं बाई म्हणाल्या. मग झुलत्या पुलापाशी डबे खाल्ले आणि घरी. १९४२, बारा नेते, एक पुस्तक: किल्ल्याचा तुरुंग म्हणून इतिहास आम्हाला एवढाच माहीत. नेहरू येण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून सरकार या गावात गोरे कैदी आणून ठेवत होतं, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं.

पहिले आले ते बोअर. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ला इंग्रजांची त्यांच्याशी लढाई जुंपली. बोअर म्हणजे मूळचे डच शेतकरी, घोड्यावरून गनिमी काव्यानं लढणारे. पकडून तिथेच ठेवलं तर पळून जाऊन पुन्हा बंदूक उचलणार, म्हणून त्यांना समुद्रापार नेऊन टाकायचं ठरलं. सेंट हेलेना, सिलोन झाल्यावर १९०१ मध्ये हिंदुस्थानची पाळी आली. इथल्या सगळ्या छावण्यांत मिळून नऊ हजारांच्या आसपास बोअर आले. नगर त्यातली अगदी सुरुवातीची छावणी.

नगरच का? दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून होती. मुंबईच्या गोदीत उतरवलेला माणूस गाडीत बसवला की थेट नगर. हवा कोरडी. भिंगारच्या कॅम्पात गोरी पलटण कधीपासूनची, त्यामुळे पाववाला, खाटीक, इस्पितळ, चर्च सगळं आयतं. किल्ल्याला खंदक. आणि पळून जाऊन जाणार कुठे? चहूकडे माळ, त्यावर गोरा माणूस दोन कोसांवरून दिसायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळानं जिल्हा पार खंगला होता, लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. त्या खडीवरच्या बाईनं स्टेशनातून किल्ल्याकडे चाललेली दाढीवाल्या गोऱ्यांची रांग पाहिली असेल, तर तिच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्या रांगेची भाकरी ठरलेली होती.

३१ मे १९०२ ला तह झाला. इंग्रज राजाशी इमान राखण्याच्या कागदावर सही केली की घरी जायची मोकळीक. काही हट्टी लोक सही करेनात. लढाई संपली तरी ते कैदेतच.

मग १९१४. यावेळी जर्मन आणि ऑस्ट्रियन, आणि त्यातले पुष्कळ सैनिक नव्हतेच. व्यापारी, इंजिनिअर, खलाशी, पाद्री. युद्ध सुरू झालं त्या दिवशी हिंदुस्थानात होते, एवढाच गुन्हा. मलबार-कानडा किनाऱ्यावरच्या बासेल मिशनचे लोकही नगरला आले. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना याच मिशनचा. कोकणातल्या निम्म्या घरांवर ज्यांचं छप्पर, ते नगरच्या उन्हात! पुढे मिशनऱ्यांना आणि बायकापोरांना 'गोलकोंडा' नावाच्या बोटीनं युरोपात पाठवलं. धडधाकट पुरुष राहिले मागे.

आता माझा मुद्दा. १९२० च्या दशकात याच गावात मशीनगनची आणि मग रणगाड्यांची शाळा आली. दुसऱ्या महायुद्धात तिला फायटिंग व्हेइकल्स स्कूल म्हणत. एकीकडे हिंदुस्थानी घोडदळाची पोरं घोडा सोडून रणगाडा शिकतायत आणि त्याच गावात, ज्यांच्याशी लढायचं त्या जर्मनांच्या देशाचे लोक तारेआड बसलेत. छावणी शिकण्यासाठी होती की कोंडण्यासाठी, हा प्रश्न मला आधी पडायचा. आता वाटतं, सरकारला दोन्हीसाठी तेच लागतं: बराकी, पाणी, रेल्वे आणि हुकूम मानणारं गाव. पलटण लढाईवर गेली की बराक रिकामी होते, आणि लढाईच तिच्यात दुसरी माणसं पाठवते. यातलं शेवटचं वाक्य माझा अंदाज आहे, खोडून काढा.

कार्डाचा फोटो खाली चिकटवलाय. जर्मन येणाऱ्यांनी मदत करा.

---

माळीवाडा वेस | रविवार, ११:१५

आवो काय राव, आमच्या गावाचं आम्हालाच म्हाईत नाही. आजोबा म्हणायचे, किल्ल्यात 'बुवर' व्हते. आम्हाला वाटायचं बुवा म्हणत्यात, कोणी साधूबिधू आसंल. आज उलगडा झाला.

येक ध्यानात घ्या, किल्ला आजून लष्कराच्या ताब्यात हाये. पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीला आत सोडायचे, तवा सगळं नगर लोटायचं. आम्ही खोली बघायला कुठं जात व्हतो, खंदकातली मगर बघायला जायचो. मगर कधीच दिसली न्हाई.

---

तिरकस | रविवार, १२:०३

लेख छान. पण गोऱ्या कैद्यांबद्दल एवढा उमाळा का? तुमचे जर्मन नगरला फुटबॉल खेळत होते, त्याच सालात अंदमानात आपली माणसं कोलूला जुंपलेली होती. सरकार एकच. 'छळछावणी' म्हणायची सोय नाही, म्हणून 'छावणी' म्हणायचं का?

---

धुळाक्षरं | रविवार, १२:४०

@तिरकस, उमाळा कुतूहलाचा आहे. पण तुम्ही बोट बरोबर ठेवलंत. १९०७ च्या हेग करारानं युद्धकैद्याला हक्क दिले: खाणं-कपडे पकडणाऱ्या फौजेच्या शिपायासारखे, टपाल फुकट, अधिकाऱ्याला तर पगारसुद्धा. आपला क्रांतिकारक सरकारच्या लेखी युद्धकैदी नव्हताच, तो गुन्हेगार. युद्ध पुकारायचा मान फक्त राजाला. सगळी मेख तिथे आहे.

शब्दांचं म्हणाल तर नगरला मी छळछावणी म्हणणार नाही. आणि ज्या इंग्रजांनी बोअर पुरुषांना इथे नियमानं सांभाळलं, त्यांनीच त्यांच्या बायकापोरांना तिकडे आफ्रिकेत छावण्यांत कोंडलं. तिथे गोवर-टायफॉईड-उपासमारीनं सुमारे २८ हजार बोअर मेले, त्यात बहुतेक मुलं. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथले मृत्यू धड मोजलेसुद्धा नाहीत. नगरच्या कैद्याला घरून येणारं पत्र कसलं असेल बघा. इथे मटण खाणारा माणूस, तिकडे त्याची पोरं गेलेली.

अवांतर: त्याच बोअर युद्धात गांधीजी इंग्रजांच्या बाजूनं जखमी उचलायचं पथक घेऊन गेले होते.

---

निवृत्त दफेदार | रविवार, दुपारी ३:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतो, लिहितो कमी. पण विषय आमच्या 'सेंटर'चा निघाला.

मी १९८२ चा रंगरूट, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, अहमदनगर. १९४८ ला त्या जुन्या शाळा एकत्र करून हे झालं, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावलं होतं. तेव्हा विजयंता रणगाडा होता, माणसं चार: कमांडर, गनर, ऑपरेटर आणि ड्रायव्हर. मला ड्रायव्हर ट्रेड मिळाला. मे महिन्यात ड्रायव्हरच्या जागेत शिरलात की पहिल्या दहा मिनिटांत वर्दी अंगाला चिकटते. हाताचा कोपर चुकून बाहेरच्या पत्र्याला लागला तर फोड येतो. नगरची धूळ पिठासारखी असते. गॉगल लावला तरी संध्याकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात काळा चिखल. आमचे उस्ताद वर उभे राहून पायानं खांद्यावर खूण करायचे, डाव्या खांद्यावर दाब म्हणजे डावीकडे. हेडसेटवर ओरडून उपयोग नाही, रंगरूट घाबरलेला असतो, त्याला खांदाच कळतो.

बराकींबद्दल लिहिलंत ते पटलं. आमची बराक जुनी इंग्रजी होती. भिंत दीड हात जाड, छत उंच, वर कौलं. तिथे पूर्वी कोण राहिलं ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. रात्री लंगर झाला की पडल्या पडल्या झोप. पण एक सांगतो, रंगरुटालाही आऊटपासशिवाय गेटबाहेर पाय टाकता येत नसे. कैदी आणि रंगरूट यांत फरक एवढाच की रंगरुटाला पगार होता. आता तुम्ही म्हणता कैद्यालाही पगार होता. म्हणजे फरकच मिटला!

नगरला आलात तर रणगाड्यांचं संग्रहालय बघा. १९९४ ला उघडलं. पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली रोल्स रॉईसची चिलखती गाडी आहे, आणि पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन रणगाडे आहेत. पोरांना तोफेवर चढवून फोटो काढू नका, पत्रा तापलेला असतो.

---

अनुस्वार | रविवार, ३:४८

दफेदारसाहेब, मुजरा. लिहीत जा हो. खांद्यावरच्या खुणेचं कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

धागाकर्त्यानं, म्हणजे मूळ लेखकानं, एक बाजू सोडली, ती जोडतो. १९१६ ला ते कार्ड नगरहून निघालं, त्याच वर्षी २९ एप्रिलला मेसोपोटेमियात कूट इथे जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यांची ती सहावी डिव्हिजन, तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडची पोरं. वेढ्यात घोडे कापून खायची पाळी आली तेव्हा पुष्कळांनी मांस नाकारलं आणि हाडांचे सापळे झाले. शरण गेल्यावर वाळवंटातून पायी चालवत नेलं, वाटेत किती पडले त्याला गणती नाही.

म्हणजे नगरला तुर्कांच्या दोस्ताचा कैदी हक्कानं पत्र लिहीत होता, आणि साताऱ्याच्या आईला मुलगा जिवंत आहे की नाही याची खबर नव्हती. दोघंही युद्धकैदीच.

---

सातारी कंदी | रविवार, संध्याकाळी ६:१०

वाचनखूण साठवली. दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडी भर.

सप्टेंबर १९३९ ला पुन्हा तोच खेळ. देशभरातले जर्मन उचलून नगरला. त्यात नाझी पक्षाचे कार्डधारक होते आणि हिटलरपासून जीव वाचवून इथे आलेले ज्यू डॉक्टर, चित्रकार, दुकानदारही होते. पासपोर्ट जर्मन, विषय संपला. ज्यानं घर जाळलं आणि ज्याचं जळलं, दोघं एकाच रांगेत. नंतर सर माल्कम डार्लिंग यांची समिती बसली, एकेकाची चौकशी करून बऱ्याच निर्वासितांना सोडलं.

आमच्या साताऱ्यातही असा कॅम्प होता आणि पुरंदर किल्ल्यावरही. पुरंदरला कुटुंबं ठेवत. ज्या गडावर संभाजीराजे जन्मले, तिथे जर्मन बायका पोरांना घेऊन दिवस मोजतायत! पुढे त्याच पुरंदरावर एनसीसीची शिबिरं भरू लागली. धागाकर्त्याच्या मुद्द्याला आणखी एक पुरावा.

---

तिरकस | रविवार, ६:३२

आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे? तिथेही गोरे कैदी होते ना?

---

सातारी कंदी | रविवार, ६:५५

नाही हो, ते कैदी नव्हते. वळिवड्याला पोलंडचे निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं, पाचेक हजार. रशियानं सैबेरियाकडे हाकललेले, तिथून सुटून इराणमार्गे इथे. १९४३ ते १९४८. त्यांची शाळा होती, चर्च होतं, बाजाराला कोल्हापुरात येत. हे दोन विषय लोक नेहमी एकत्र करतात.

---

धुळाक्षरं | रविवार, रात्री ९:१४

कंदी, धन्यवाद, हे लिहायचं राहिलं होतं. त्या गर्दीत दोन माणसं भलतीच आहेत.

एक हाइनरिश हारर. नांगा पर्बतच्या वाटा शोधायला आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक, परतीच्या बोटीची वाट बघत कराचीत असताना पकडला गेला. नगर, मग देवळाली, मग डेहराडून. शेवटी २९ एप्रिल १९४४ ला डेहराडूनच्या तारेतून निसटला आणि जानेवारी १९४६ मध्ये ल्हासात पोचला. पुढे दलाई लामांशी त्याची दोस्ती झाली ती सगळ्यांना माहीत आहे, नगर कुणाला माहीत नाही.

दुसरा लामा अनागारिक गोविंद. जन्मनाव एर्न्स्ट होफमान, बौद्ध साधू, आणि हातात ब्रिटिश नागरिकत्व. तरीही आत. जन्म जर्मन आणि नेहरू घराण्याशी ओळख, हे दोन्ही साहेबाला खुपलं. थोडक्यात, @माळीवाडा वेस, तुमचे आजोबा साधू म्हणाले असते तरी चुकले नसते. साधूही होता!

१९४१ पर्यंत हे लोक नगरहून हलवले गेले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणी पकडली, खास गाडीनं निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसला नेलं, उरलेले नगरला. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव वगैरे, आपले शंकरराव देवही त्यात. त्यांची खटल्याशिवायची कैद स्थानबद्धतेतच मोडते, पण त्यांच्यासाठी रेड क्रॉसचा माणूस आला नाही. जर्मनांची विचारपूस करायला १९१७ मध्ये जिनिव्हाहून शिष्टमंडळ नगरपर्यंत आलं होतं.

आझादांनी तिथे लिहिलेली पत्रं वाचाच. पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करायचा, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडायचं, मग त्यांना दाणे टाकायचे. तुरुंगाच्या साहेबाला त्यांनी नाव ठेवलं होतं 'चीता खान', चांदबिबीच्या घाताशी ज्याचं नाव जोडतात त्या किल्ल्यातल्या सरदारावरून. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची बायको कलकत्त्यात गेली. शेवटचं भेटणं झालं नाही.

---

फ्राऊ कुलकर्णी | सोमवार, पहाटे २:०५

श्टुटगार्टहून लिहितेय, इथे अजून रविवारच आहे.

धुळाक्षरं, तुमचं कार्ड वाचता येत नाही कारण ते आजच्या जर्मन वळणात नाही. ही 'कुरेंट' लिपी. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी, तसं यांचं. इथल्या आजच्या पोरांना आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. शेजारच्या ७८ वर्षांच्या आजींना दाखवलं, त्यांनी भिंग काढलं.

मायना बहिणीला आहे. पार्सल मिळालं, मोजे लोकरीचे आहेत, इथे कामाचे नाहीत, पुढच्या वेळी त्याऐवजी तंबाखू. तब्येत बरी, एक दाढ काढली. रोख पैसा जवळ ठेवू देत नाहीत, कॅम्पची कुपनं मिळतात, ती कॅन्टीनमध्ये चालतात. मग एक ओळ शिक्क्याखाली गेलीय. एवढं लागतं: 'दिवसभर आम्ही ...मध्ये असतो, त्यामुळे वेळ जातो.' शब्द एकतर 'गार्टन' आहे किंवा 'कार्टन'. पहिलं अक्षर नेमकं शिक्क्याखाली. गार्टन म्हणजे बाग, कार्टन म्हणजे पत्ते.

आजी म्हणतात बाग. 'मध्ये असतो' असं पत्त्यांना म्हणत नाहीत. मी मात्र शपथेवर सांगणार नाही, तो 'मध्ये'सुद्धा अर्धाच दिसतोय.

---

धुळाक्षरं | सोमवार, सकाळी ८:३०

बाई, तुमचे आणि आजींचे पाय कुठे आहेत!

कुपनांचं पटतं. खरं चलन हातात आलं की पहारेकरी विकत घेता येतो, रेल्वेचं तिकीट काढता येतं. कुपन तारेबाहेर निव्वळ कागद.

आणि बागच असणार. नेहरूंच्या पुस्तकाची सुरुवातच किल्ल्यातल्या खणण्यानं होते. एप्रिल १९४४. कुदळ घेऊन बाग करायला गेले तर माती कसली, नुसते दगड आणि जुन्या भिंतींचे तुकडे. खाली गाडलेल्या जुन्या इमारतींचे अवशेष लागले, दारावर कोरतात तसं दगडातलं एक कमळ सापडलं. तीच जागा, तोच रिकामा वेळ.

---

माळीवाडा वेस | सोमवार, ९:०२

पंडितजींनी बाग केली म्हणून जर्मनानं केलीच आसंल का? आपल्याकडं बाग म्हंजी पाणी लागतं. १९१६ ला किल्ल्यात पाणी कोण देतंय पोस्टाच्या कार्डावरच्या माणसाला. पत्ते लावा.

---

निवृत्त दफेदार | सोमवार, ९:४०

मीही पत्तेच म्हणतो. सेंटरमध्ये आमच्या बराकीपुढे सुभेदार साहेबांनी फटीकला (अंगमेहनतीच्या कामाला) लावून गुलाबाची रांग करून घेतली होती. आठ रंगरूट, दोन महिने. खाली मुरूम लागतो, पहार उडी मारते. शेवटी बाहेरून माती आणून टाकली. लावलेल्या आठ गुलाबांतले सहा मेले. उरलेल्या दोनांना साहेबांच्या हुकुमानं आमच्या पिण्याच्या पाण्यातलं पाणी जायचं.

फोटो जरा मोठा करून टाकता का? शिक्क्याच्या वर अक्षराची शेपटी दिसतेय असं वाटतं.